पटावरील प्यादे आणि रणातील शिपाई

बुद्धिबळाच्या पटावर प्यादे मारले गेले की ते निमूटपणे पटाबाहेर जाते. शेजारचे प्यादे त्यामुळे कचरत नाही, मागे वळून पाहत नाही, की पुढे सरकण्याचा हुकूम मोडीत नाही. हत्ती, घोडदळ, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ज्या खेळाला 'चतुरंग' हे नाव मिळाले, त्या खेळाने पायदळाची एक गोष्ट मात्र साफ वगळली, ती म्हणजे भीती. वाचकहो, गेल्या दोनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी युद्धाचा खेळ पटावर मांडण्याचा प्रयत्न केला, त्यांची सारी धडपड ही वगळलेली गोष्ट परत पटावर कशी आणावी, यासाठीच होती असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

पायदळाची लढाई म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातील दृश्य उभे राहते: संगिनी रोखून धावत सुटलेली माणसे आणि पटापट कोसळणारा शत्रू. प्रत्यक्षात रणांगण बहुधा रिकामेच दिसते. ज्याला शत्रू दिसतो, तोही शत्रूला दिसतो. म्हणून जो तो जमिनीला चिकटलेला असतो. झाडलेल्या गोळ्यांपैकी फारच थोड्या कोणास लागतात. उरलेल्यांचे काम निराळेच असते. समोरच्याने डोके वर काढू नये, नेम धरू नये, एवढ्यासाठी त्या झाडलेल्या असतात. समोरचा असा दडपला गेला की तेवढ्या अवधीत आपली काही माणसे पुढे सरकावयाची. एकाने मारा करावयाचा आणि दुसऱ्याने सरकावयाचे, ही विसाव्या शतकातील पायदळाची बाराखडी होय.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश सेक्शनचे उदाहरण घेऊ. तिच्यात पूर्ण भरतीच्या वेळी दहा माणसे असत. तिघांचा गट ब्रेनगन सांभाळी, आणि सेक्शनच्या नायकासह सात जण रायफलवाले असत. ब्रेनच्या माथ्यावर बसविलेल्या कमानदार पेटीत तीस गोळ्या मावत. चार-पाच गोळ्यांच्या झोडीने ती चालवावयाची, कारण उधळपट्टी केली तर ऐन वेळी पेटी रिकामी. तिघांनी समोरून किंवा बाजूने शत्रूला दडपावे आणि सात जणांनी आडोशाआडून वळसा घालून त्याच्या कुशीवर जावे, असा संकेत होता. यात एक बारीक मेख आहे. ब्रेनगन आणि चढाई करणारे एकाच रेषेत असतील, तर आपलीच माणसे आपल्या तोफेपुढे येतात आणि मारा थांबवावा लागतो. म्हणून दोहोंमध्ये जितका कोन मोठा, तितका मारा अखेरच्या क्षणापर्यंत चालू ठेवता येतो. नायकाचे बरेचसे कौशल्य हा कोन शोधण्यातच असे.

कागदावर हे सोपे वाटते. लायोनेल विग्रॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने या हालचाली कवायतीसारख्या घोटवून घेण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ करण्यात मोठा वाटा उचलला होता. १९४३ साली सिसिलीत प्रत्यक्ष लढाई पाहिल्यावर मात्र त्याने जो अहवाल लिहिला, तो वरिष्ठांना रुचला नाही. बावीस जणांच्या प्लॅटूनमध्ये सहा जण कोठेही जातात, सुमारे बारा जण चांगला पुढारी असेल तर थोड्या अंतराने त्यांच्यामागून येतात आणि उरलेले पळ काढण्याची शक्यता असते, असे त्याचे म्हणणे होते. जनरल माँटगोमेरीने त्याचा हुद्दा खाली आणला. १९४४ मध्ये इटलीत तो लढताना पडला. अमेरिकेत एस. एल. ए. मार्शल यांनी १९४७ साली याहून धक्कादायक विधान केले, की लढाईत शेकडा पंधरा ते पंचवीस शिपाईच बंदूक चालवितात. पुढील अभ्यासकांनी या आकड्यांचा आधार तपासला तेव्हा तो फार कच्चा निघाला. तरीही सर्व माणसे सारखी लढत नाहीत, एवढे सत्य त्यातून शिल्लक राहिलेच.

आता पटाकडे वळू. प्रशियाच्या सैन्यातील एक तरुण अधिकारी रायस्विट्झ याने १८२४ साली, आपल्या वडिलांच्या जुन्या खेळात सुधारणा करून, 'क्रीग्सश्पील' म्हणजे युद्धखेळ सिद्ध केला. त्यात चौकटी नव्हत्या. खराखुरा, एकास आठ हजार प्रमाणाचा नकाशा होता. एक पाळी म्हणजे युद्धातील दोन मिनिटे. माऱ्याचा परिणाम फासे ठरवीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मध्ये पंच असे. खेळाडूने हुकूम लिहून पंचाकडे द्यावयाचा आणि आपल्या सैन्याला जेवढे दिसेल तेवढेच पंचाने त्याला सांगावयाचे. प्रशियाचे सेनाध्यक्ष म्युफलिंग हा खेळ प्रथम काहीशा उदासीनतेने पाहू लागले, आणि शेवटी हा खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असे म्हणत त्यांनी तो सर्व सैन्यात नेण्याचा निर्णय केला. १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक लिहिले, ते अगदीच निराळ्या वळणाचे. त्यांच्या दिवाणखान्यातील शिशाच्या शिपायांवर स्प्रिंगची खेळण्यातील तोफ नेम धरून डागावयाची. मोठी मौज, पण वेल्सचे शिपाईदेखील बुद्धिबळाच्या प्याद्यांइतकेच निर्भय होते.

ही उणीव भरून काढण्याचा एक लक्षणीय प्रयत्न १९७७ साली अमेरिकेत झाला. जॉन हिल यांनी रचलेल्या 'स्क्वॉड लीडर' या खेळात पट षट्कोनी घरांचा असतो. एक घर म्हणजे चाळीस मीटर जमीन आणि एक पाळी पुन्हा दोन मिनिटांची, रायस्विट्झच्या खेळातल्याइतकीच. प्रत्येक तुकडीची एक चौकोनी सोंगटी, आणि तिच्यावर तिच्या माऱ्याचे बळ, पल्ला व मनोधैर्य यांचे आकडे छापलेले. मारा झाला की बहुतेक वेळा तुकडी मरत नाही, तिची परीक्षा होते. दोन फासे टाकावयाचे. बेरीज मनोधैर्याच्या आकड्याहून अधिक आली की तुकडी मोडली. मग सोंगटी उलटी करतात आणि ती झाडीकडे किंवा घराकडे पळू लागते. मनोधैर्य ७ असेल तर फाशांच्या ३६ जोड्यांपैकी २१ जोड्यांना तुकडी टिकते, ८ असेल तर २६ जोड्यांना. एका अंकाचा हा फरक पाळीमागून पाळी साचत जातो. दगडी घरात असलेल्याला मोठा आडोसा मिळतो, उघड्यावरून धावणाऱ्यावर मात्र मारा अधिक लागू पडतो. मोडलेल्या तुकडीला सावरण्यासाठी नायकाची सोंगटी तिच्या घरात जावी लागते, आणि चांगला नायक असेल तर फाशांना त्याचे पाठबळ मिळते. विग्रॅमचे ते सहा जण येथे असे वेगळ्या रूपाने भेटतात.

माझ्या मते याहूनही धाडसी कल्पना १९९६ सालच्या 'क्रॉसफायर' या खेळाची आहे. आर्टी कॉनलिफ यांनी मोजपट्टीच काढून टाकली आणि ठरावीक पाळीही. तुकडी एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत एका दमात जाते. तिच्यावर मारा होऊन ती दडपली गेली की पुढाकार समोरच्याकडे जातो. अंतर इंचांत मोजायचे नाही, झाड ते बांध आणि बांध ते भिंत असे मोजायचे. मला वाटते, रणातील शिपाई जमिनीकडे याच दृष्टीने पाहत असावा.

आणि तरीही एक प्रसंग असा आहे की तो कोणत्याही पटावर मांडू लागलो तर हात थबकतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक सेक्शन मशीनगनच्या माऱ्यात सापडली. सेक्शनचे नायक होते कोकणातील माणगाव परिसराचे यशवंत घाडगे. मारा अगदी जवळून होता. क्षणार्धात नायकांखेरीज सेक्शनमधील प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. वर सांगितलेली सारी बाराखडी तेथे संपली. दडपायला गट नाही, वळसा घालायला गट नाही. घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले. हातगोळा फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही निकामी केली, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि गोळ्यांची पेटी बदलण्यास वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने ठार केले. मग दडून बसलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना गाठले, आणि जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

आश्चर्य असे की पटाच्या रचनाकारांनी अशा माणसालाही जागा ठेविली आहे. 'स्क्वॉड लीडर'च्या १९८५ सालच्या वाढीव आवृत्तीत परीक्षेच्या वेळी दोन्ही फाशांवर एक-एक पडला की काहीतरी विलक्षण घडू शकते: तुकडीतून एखादा वीर निपजतो, किंवा सारी तुकडी बेभान होऊन शत्रूवर तुटून पडते. दोन एक पडण्याची शक्यता छत्तिसात एक. नियम म्हणून हे प्रामाणिक आहे. असे घडते, पण क्वचित घडते, आणि सेनापतीला त्याच्या भरवशावर बेत आखता येत नाही. पण घाडग्यांच्या बाबतीत फासे टाकले गेले नव्हते. हातगोळ्याने दडपणे आणि स्वतः पुढे जाणे, म्हणजे दोन गटांची कामे, त्या तरुण नायकाने एकट्याने त्याच क्रमाने केली, हे नीट पाहिले तर त्यात नुसते बेभानपण दिसत नाही, शिकविलेलेही दिसते.

पटाची खरी लबाडी मात्र शौर्याच्या बाबतीत नसून दृष्टीच्या बाबतीत आहे. आपण टेबलाशी बसून सारे रण घारीसारखे वरून पाहतो. दोन मिनिटांच्या लढाईसाठी अर्धा तास विचार करतो. सेक्शनच्या नायकाला दिसतो तो धूर, एखादे कुंपण आणि शेजारच्या शिपायाचे बूट. म्हणूनच सैन्यात वाळूवर टेकड्या, ओढे व वाटा रचून त्याभोवती डावपेचांची चर्चा करतात, आणि त्याचबरोबर अधिकाऱ्यांना खऱ्या जमिनीवरही नेतात. टेबलावर सपाट दिसणाऱ्या शेतात पालथे पडल्यावर बांधापलीकडचे काही दिसत नाही, हे तेथेच कळते.

घरी मुले असतील तर आपणही या लबाडीवर एक सोपा उपाय करून पाहावा. चादरीखाली पुस्तके ठेवून टेकड्या कराव्यात, सुतळीचा ओढा करावा. दोन खेळाडूंना दोन खोल्यांत बसवून प्रत्येकाला हाताने काढलेला नकाशा द्यावा, आणि घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने पंच व्हावे. खेळाडूने हुकूम चिठ्ठीवर लिहावा. पंचाने त्याच्या तुकडीला दिसेल तेवढेच त्याला सांगावे, आणि तुकडी लांब असेल तर चिठ्ठी दोन पाळ्या उशिरा पोचवावी. पहिल्या दिवशी भांडणे होतील. आपण तुकडीला ज्या टेकडीवरून हलण्याचा हुकूम लिहिला, ती टेकडी तिने मागच्याच पाळीत सोडलेली आहे, असा निरोप एकदा तरी येईलच.