भिंतीवरचीं पोवळीं

नवरत्नांच्या अंगठींतील पोवळें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. तें खनिज नव्हे. एका क्षुद्र सागरी जीवानें रचिलेला तो चुन्याचा सांगाडा आहे. लक्षद्वीपच्या उथळ, कोमट पाण्यांतील प्रवाळ आपल्या शरीरांत सूक्ष्म शेवाळें बाळगतात, आणि तें उन्हावर जें अन्न तयार करितें त्यावरच बव्हंशीं जगतात. म्हणून ऊन नाहीं तेथें पोवळें नाहीं, असा समज होतो. पण अंगठींतील तांबडें पोवळेंच भूमध्य समुद्राच्या अंधुक कपारींत, त्या शेवाळावांचून वाढतें!

याहूनहि नवल आयर्लंडच्या नैर्ऋत्येस आहे. युरोपची उथळ कड संपून अटलांटिकचा तळ जेथें एकदम खोल जातो, तेथें व्हिटार्ड नांवाची घळ आहे. जहाजावरून ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढितात. परंतु वरून पाहणारास उभा कडा रेघेसारखाच दिसणार. छपरावर बसून भिंतीवरील तसबीर कशी दिसावी? म्हणून २००९ सालीं ब्रिटिश संशोधकांनीं ध्वनियंत्र ‘आयसिस’ नांवाच्या दूरनियंत्रित पाणयानाच्या तोंडाशीं, समोर रोखून बसविलें. सुमारें १३५० मीटर खोलीवर, राजाबाई टॉवरच्या जवळजवळ दीडपट उंचीच्या कड्यावर, लोफेलिया जातीच्या पोवळ्यांची दाट वस्ती आढळली.

तेथें काळोख, आणि पाणी थंडगार. मग हे जीव खातात काय? वरच्या थरांतून उतरणारे सूक्ष्म प्राणी व सेंद्रिय कण घळींत एकवटतात. पाण्याच्या पोटांत उठणाऱ्या भरती-ओहोटीच्या लाटा त्यांस खालींवर हेलकावतात. पोवळ्यानें चिमुकले बाहु पसरावे, प्रवाहानें घास आणून द्यावा. सपाट जागीं गाळ सांचून जीव गुदमरतो. उभ्या भिंतीवर तो ठरत नाहीं. शिवाय तळ खरवडीत जाणारीं मासेमारीचीं अवजड जाळीं कड्यावर चालत नाहींत. वर्षाला फार तर दोन-अडीच सेंटिमीटर वाढणाऱ्या या वसाहतीस हा आसरा लहान नव्हे.

तो पुरता मात्र नाहीं. घळीच्या कांठावर जाळीं ओढलीं म्हणजे ढवळलेला गाळ ढगासारखा खालीं उतरतो. व्हिटार्डमध्यें तो मोजला गेला आहे. युरोपीय संघानें २०१६ सालीं आपल्या अटलांटिक पाण्यांत ८०० मीटरांहून खोल तळावर जाळीं ओढण्यास बंदी केली. पण घळीचा माथा याहून पुष्कळ उथळ असतो, आणि तेथें जाळीं ओढण्यास या नियमाची आडकाठी नाहीं.