माणसाला वाट मोकळी, गाडीला नाही

५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेलू-आर्वीच्या शिवारातून जाणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाल्याच्या बातम्यांनी पाने भरून गेली. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १५ जूनला, रस्त्यांच्याच दुसऱ्या एका वचनाला दहा वर्षे झाली. शेजारी देशांनी एकमेकांची वाहने आपल्याकडे फिरू द्यायची, हे ते वचन थिंफूमध्ये दिले गेले होते. त्याच्या दशकपूर्तीचा गाजावाजा झाला नाही, कारण साजरे करण्याजोगे हाती काही आलेलेच नाही.

सप्टेंबरात ही सल आणखी खोल गेली. ८ आणि ९ तारखेला नेपाळमधले तरुणांचे आंदोलन भडकले, ओली सरकार कोसळले आणि सीमेवरच्या नाक्यांवर वाहनांची वाट अडली. २ ऑक्टोबरला दसरा होता. दीक्षाभूमीवरून परतल्यावर चार-सहा जणांनी गाडी काढून बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी करून यायचे, असे बेत विदर्भात याच दिवसांत ठरतात. त्या चार स्थळांपैकी तीन भारतात आहेत. ज्या जागी सिद्धार्थ जन्मला, ती चौथी जागा तेवढी सीमेपलीकडे आहे, सोनौलीच्या नाक्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर.

वर्ध्याच्या माणसासाठी लुंबिनी हे निव्वळ सहलीचे ठिकाण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतर झाले आणि पुढच्याच महिन्यात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. प्रकृती ढासळली होती, तरी त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांवर तिथे भाषण केले, लुंबिनीचे दर्शन घेतले. ६ डिसेंबरला ते गेले. त्यांच्या अखेरच्या प्रवासांपैकी एका प्रवासाची ही वाट आहे. ती आपल्या घरच्या गाडीने, म्हाताऱ्या आईला पुढच्या सीटवर बसवून करावी, असे इथल्या कुटुंबांना वाटते, ते त्यामुळेच.

वर्ध्याहून निघाले की नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा, प्रयागराज, गोरखपूर आणि मग सोनौली. एवढा हजारावर किलोमीटरचा पल्ला. पूर्वी सिवनीच्या जंगलात आणि रीवाच्या घाटात गाडीची हाडे खिळखिळी व्हायची. आता रस्ता देखणा झाला आहे. सीमेवर मात्र जकातीची तीच खिडकी आहे.

नियम मुळात सोपा वाटतो. ३१ जुलै १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे भारतीय नागरिकाला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्र दाखवून पायी पलीकडे जाता येते. पण गाडी म्हणजे जकातीचा माल. ती तिकडे विकली जाणार नाही, परत येईल, याची नोंद व्हावी लागते आणि तिच्या मुक्कामाचे पैसे भरावे लागतात. त्या नोंदीला नेपाळात ‘भन्सार’ म्हणतात. सोनौलीपलीकडच्या बेलहियाच्या जकात कार्यालयात नोंदणी पुस्तक, वाहन परवाना आणि ओळखपत्र यांच्या झेरॉक्स द्यायच्या. गाडी भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्र जोडायचे. किती दिवस राहणार ते सांगायचे आणि तेवढ्या दिवसांचे शुल्क नेपाळी रुपयांत मोजायचे. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. आर्थिक वर्षात मिळून तीस दिवसांची मर्यादा आहे, आणि तिथले वर्ष श्रावणात सुरू होते.

हातात पडते ती पावती मराठी माणसाला अक्षरन् अक्षर वाचता येते. देवनागरी लिपी, देवनागरी आकडे. आपल्याच गाडीचा क्रमांक त्यात ओळखीचा दिसतो. पण तारीख बघितली की डोळे थबकतात: २०२५च्या जागी साल २०८२, महिना असोज किंवा कात्तिक. परतायचा दिवस विक्रम संवताच्या हिशेबाने लिहिलेला असतो आणि तो चुकला तर दंड बसतो. खिडकीपाशी पहाटेपासून रांग, बाहेर ‘आम्ही करून देतो’ म्हणत झेरॉक्स ओढून घेणारे दलाल आणि गाडीत घामाघूम झालेली म्हातारी माणसे, हे चित्र वर्षानुवर्षे बदललेले नाही. दलालाला दिलेल्या पैशांची पावती कुणी देत नाही.

मोटारीने नेपाळ गाठणे ही गोष्ट नवी नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातली मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत मोटारीने काठमांडूपर्यंत यायची. १९७९ला इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ती वाट मिटली. सोनौली ते पोखरा हा सिद्धार्थ राजमार्ग त्याआधीच भारताने बांधून दिला होता. १९७९नंतरची तीन दशके परवान्यांच्या बाबतीत सांगण्यासारखे काहीच घडले नाही, म्हणून ती इथेच सोडलेली बरी.

खरी आशा लागली २०१४च्या नोव्हेंबरात. काठमांडूत सार्क परिषद भरली, काठमांडू-दिल्ली बसला हिरवा झेंडा दाखवला गेला. सगळ्या सार्क देशांत एकमेकांची वाहने फिरू द्यावीत असा करार तिथे व्हायचा होता, तो पाकिस्तानने अडवला. मग उरलेल्यांतल्या चौघांनी, म्हणजे बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी, आपापसात तो करायचे ठरवले. १५ जून २०१५ला थिंफूमध्ये सह्या झाल्या. नेपाळच्या भूकंपाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. भारताच्या वतीने सही केली नितीन गडकरी यांनी. शेजारच्या नागपूरचा खासदार आणि देशाचा रस्तेमंत्री, म्हणून वर्ध्यातही या बातमीला घरची बातमी असल्यासारखे मोल होते. शिवाय कराराच्या नावातच प्रवासी आणि मालवाहू वाहनांबरोबर ‘खासगी वाहने’ असा शब्द होता. म्हणजे वर्ध्याच्या एमएच ३२ पाटीची साधी मोटारसुद्धा त्यात धरलेली होती.

पुढे काय झाले ते नीट सांगायला हवे, कारण त्या दिवसांतले उत्सव लोकांच्या लक्षात राहिले आणि पुढची घसरण विसरली गेली. १४ नोव्हेंबर २०१५ला भुवनेश्वरहून चार देशांच्या मैत्रीची मोटार रॅली निघाली. वीस गाड्या, चार हजारांवर किलोमीटर, २ डिसेंबरला कोलकात्यात समारोप. नेमक्या त्याच आठवड्यांत भारत-नेपाळ सीमेवर नाकेबंदी होती आणि नेपाळात पेट्रोल रेशनवर मिळत होते. इकडे रॅलीच्या गाड्यांना हार आणि तिकडे रिकाम्या टाक्यांची रांग, ही विसंगती तेव्हाच ठणकावून सांगायला हवी होती. नोव्हेंबर २०१६मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने करार नामंजूर केला. डोंगराळ, छोट्या देशात बाहेरच्या वाहनांची गर्दी नको, ही त्यांची भीती रास्त होती. २०१७मध्ये भूतानने इतर तिघांना ‘तुम्ही पुढे व्हा’ असे कळवले. तिघे पुढे झाले ते बैठकांपुरते. मार्च २०२२मध्ये दिल्लीत पुन्हा बसून प्रवासी आणि मालवाहतुकीच्या नियमावलीची चर्चा झाली. मालमोटारींच्या जकातीत सगळे घोडे अडले आणि खासगी गाडीचे नाव मागे पडत गेले.

त्याच काळात सीमेवर एकेक नवी कटकट वाढत होती. डिसेंबर २०१८मध्ये नेपाळने शंभराहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली; पाचशेच्या नोटा घेऊन गेलेल्यांची पंचाईत झाली. मार्च २०२०मध्ये साथीमुळे सीमाच बंद झाली. भूतानने २३ सप्टेंबर २०२२ला दारे उघडली ती भारतीय प्रवाशाला माणशी, रात्रीमागे १,२०० रुपये शुल्क लावून. त्याच सप्टेंबरात आपल्या केंद्र सरकारने परदेशी खासगी गाड्यांनी भारतात येताना कोणती कागदपत्रे बाळगावीत याचे नियम जाहीर केले. येणाऱ्यांची सोय झाली. जाणाऱ्यांनी काय करायचे?

दूरच्या देशांत गाडी न्यायची तर ‘कार्नेट’ लागते. मोटार संघटनेने दिलेले ते पुस्तक म्हणजे गाडीचा पासपोर्ट. प्रत्येक पानाचे तीन भाग, एक शिरताना फाडायचा, एक निघताना, तिसरा पुस्तकातच राहतो. त्यासाठी बँकेची हमी द्यावी लागते आणि ती रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली नसते. भारतीय गाडीला नेपाळात कार्नेट लागत नाही, हे आपले भाग्य. म्हणूनच तिथला परवाना सुटसुटीत करणे अवघड नाही.

गाडीचा प्रश्न हौसेचा आहे असे म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्रातून नेपाळला जाणाऱ्यांची रीत पाहावी. बहुतेक जण रेल्वेने उत्तर प्रदेशात उतरतात आणि तिथली भाड्याची बस करतात, अनोळखी गाडी, अनोळखी चालक. २३ ऑगस्ट २०२४ला पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी अशीच गोरखपूरची बस तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ जण गेले, बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव परिसरातले. घाट, पाऊस आणि दरडी स्वतःच्या गाडीलाही चुकत नाहीत, हे खरे. तरीही कुठे थांबायचे, रात्री चालवायचे की नाही, हे आपल्या गाडीत आपण ठरवतो.

जे गाडीने निघतील त्यांनी विमा कंपनीकडून पॉलिसीवर नेपाळची नोंद थोडा जादा हप्ता भरून आधी करून घ्यावी. मोटारीचा साधा विमा सीमेपलीकडे उपयोगी पडत नाही आणि पुष्कळांना हे अपघातानंतर कळते.

आणि सरकारकडे मागणी आहे ती एवढीच: मालमोटारींचा गुंता सुटेपर्यंत खासगी गाड्यांना त्यात अडकवून ठेवू नये. चार देश जमत नसतील तर भारत आणि नेपाळ या दोघांनी वर्षभराचा एक परवाना ठरवावा आणि तो गाडीची नोंदणी जिथे झाली तिथेच द्यावा. परदेशात गाडी चालवण्याचा चालकाचा आंतरराष्ट्रीय परवाना वर्ध्याच्या परिवहन कार्यालयातून एक हजार रुपयांत, वर्षभरासाठी, आजही मिळतो. गाडीचा परवाना त्याच टेबलावर देता येईल.