विचारायला लाज कसली?

पोट, पाठ, काळीज हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ‘स्तन’ हा शब्द आला की मात्र बोलणारी घुटमळते आणि ऐकणारी मान खाली घालते. डॉक्टरांपुढेही ‘इथं छातीत गाठ लागते’ एवढंच सांगून बाई गप्प होते. मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई आहे. पण शब्द अडला की प्रश्न अडतो आणि प्रश्न अडला की उत्तर मिळत नाही, एवढं मला ठाऊक आहे. म्हणून आज जरा मोकळेपणानं बोलू या.

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. काही जणींचा स्तन काढावा लागतो. त्याचा आकार पुन्हा घडवण्याची एक रीत म्हणजे इम्प्लांट. बाहेर सिलिकॉनचं कवच आणि आत सिलिकॉनची जेल किंवा मिठाचं पाणी, अशी ही पिशवी. आजार नसताना केवळ आकार वाढवण्यासाठीही ती बसवली जाते.

सिलिकॉन जेलची पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात बसवली गेली. टिमी जीन लिंडसी ही बाई इस्पितळात गेली होती छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. इम्प्लांटचं डॉक्टरांनीच सुचवलं. तिला खरं तर आपले पुढे आलेले कान नीट करून हवे होते. तेही करून देऊ म्हटल्यावर ती तयार झाली. वीस वर्षांनी काय होईल, हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नसतं. आज साठ वर्षांचा अनुभव गाठीशी आहे. म्हणून विचारायचं.

पहिला प्रश्न : हे आयुष्यभर टिकतं का? नाही. शरीर या परक्या वस्तूभोवती आपलं एक आवरण तयार करतं. कधी ते आवळत जातं. मग स्तन कडक होतो, दुखतो. कधी पिशवी फाटते. मिठाच्या पाण्याची फाटली तर आकार बसतो आणि लगेच कळतं. जेलची फाटली तर पुष्कळदा पत्ताही लागत नाही. म्हणून जेलच्या पिशवीसाठी पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. इम्प्लांट जन्मभराचं नसतं, हा इशाराही त्यांनी २०२१ साली ठळक चौकटीत छापायला लावला. पुढे आणखी एखादी शस्त्रक्रिया लागू शकते, हे धरूनच खर्चाचा हिशेब मांडावा.

दुसरा : यानं कर्करोग होतो का? इम्प्लांटमुळे स्तनाचा कर्करोग वाढतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. पण भोवतालच्या त्या आवरणात क्वचित लिम्फोमा नावाचा वेगळा कर्करोग होतो. तो मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमध्ये आढळला. त्यामुळेच २०१९ साली अॅलर्गन कंपनीनं तसली इम्प्लांट जगभरातून परत घेतली. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका बाजूला सूज आली, पाणी साठलं, तर अंगावर काढू नये. वेळीच कळलं, तर इम्प्लांट आणि आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात.

तिसरा : पूर्वीसारखं होईल का? आकार येईल. स्पर्शाची जाणीव बहुधा पूर्वीसारखी येत नाही. हे आधी कळलं, तर नंतरचं दुःख थोडं हलकं होतं.

चौथा : किरणोपचार घ्यायचे असतील तर? मग आवरण आवळण्याचा धोका वाढतो. अशा वेळी पोटाची किंवा पाठीची स्वतःचीच कातडी आणि मांस घेऊन स्तन घडवता येतो का, हे विचारावं. ती शस्त्रक्रिया मोठी असते, पण त्यात परकी वस्तू लागतेच असं नाही.

पाचवा प्रश्न डॉक्टर विचारतील आणि उत्तर आपण लपवू : तंबाखू? आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बायका ‘मी तंबाखू खात नाही’ असं अगदी प्रामाणिकपणे सांगतात. पण मशेरी तंबाखूचीच असते. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला अडचण येते. तेव्हा सांगून टाकावं.

इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेलं कार्ड मागून घ्यावं आणि रेशनकार्डासारखं जपावं. पीआयपी या फ्रेंच कंपनीनं वैद्यकीय वापराचं नसलेलं, कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरल्याचं २०१० साली उघडकीस आलं, तेव्हा ‘माझ्या शरीरात कोणतं आहे?’ हा प्रश्न अनेक देशांतल्या हजारो बायकांपुढे उभा राहिला. मॅमोग्राफीच्या वेळीही इम्प्लांट असल्याचं आधी सांगावं. मग जादा फोटो वेगळ्या पद्धतीनं घेतात. एक स्तन काढला असेल, तर दुसऱ्याची तपासणी चुकवू नये.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारायचा : हे मला हवंय, की माझ्याकडे बघणाऱ्यांना? काही न करणं हाही एक निर्णय आहे. कपड्यांच्या आत घालायचे कृत्रिम स्तन मिळतात. ते न घालताही कित्येक बायका ताठ मानेनं वावरतात. काहींना मात्र आरशात पुन्हा ओळखीचं रूप दिसावंसं वाटतं. त्यांना कुणी ‘या वयात कशाला हे नखरे?’ म्हणू नये. आजारातून उठलेल्या बाईला तेवढा हक्क आहे.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या. सोबत बहीण, मैत्रीण, नवरा, कोणी तरी असू द्या. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आणि कागदावर पहिल्या ओळीत तो शब्द लिहा. स्तन. एकदा लिहिला की उच्चारता येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)