चिकटावे, पण सुटावे
चामड्यावर कागदी नमुना बसविण्यामागील विज्ञान

कापड बेतणाऱ्या शिंप्याला कागदी नमुना कापडावर मांडून चार टाचण्या टोचल्या की पुरते. टाचणी शिरताना विणीतील धागे बाजूस सरतात आणि ती निघताच पुन्हा आपल्या जागी येतात. चामड्याची गोष्ट निराळी आहे. कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असंख्य तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतून चामड्याचे अंग बनलेले असते. त्यात पडलेले छिद्र मिटत नाही. म्हणूनच चामडे बेतणाऱ्या कारागिरापुढे एक नाजूक प्रश्न उभा राहतो : नमुना रापी चालत असता तिळभरही सरकू नये, आणि काम होताच कोणतीही खूण मागे न ठेवता निघून यावा, हे साधावे कसे?

प्रश्न दिसावयास लहान, परंतु त्यावर कारागिराची मिळकत अवलंबून असते. बकऱ्याचे कमावलेले चामडे साधारणतः ४ ते ६ चौरस फूट भरते, आणि तेही सर्वत्र सारखे नसते. पाठीकडील भाग घट्ट असतो, पोटाकडील भाग सैल असून सहज ताणला जातो. शिवाय गोचिडांचे डाग आणि जुन्या जखमांचे व्रण चुकवावे लागतात. अशा चामड्यातून पिशवीचे तुकडे काढताना एक तुकडा जरी चुकला, तरी त्याच जातीचा दुसरा तुकडा उरलेल्या भागातून मिळेलच असे नाही. चामड्याच्या मागील बाजूने बेतल्यास पुढची बाजू खराब होत नाही, हे खरे. परंतु मग नमुना उलटा मांडावा लागतो आणि पुढील बाजूचे व्रण नजरेआड होतात.

चिकटणे म्हणजे काय?

दोन पदार्थांचे रेणू एकमेकांच्या अगदी निकट आले की त्यांच्यात आकर्षण उत्पन्न होते. परंतु वरवर गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखे असतात. ते एकमेकांना मोजक्याच ठिकाणी स्पर्श करतात. डिंक या दऱ्या भरून काढतो व स्पर्शाचे क्षेत्र वाढवितो. नंतर तो वाळून कठीण झाला की जोड पक्का होतो. तात्पुरता जोड हवा असेल तर यातील एखादी पायरी मुद्दाम अपुरी ठेवावी लागते : एक तर स्पर्श कमी ठेवावा, नाही तर डिंक मऊच राहू द्यावा.

घरोघरी मिळणारी पिठाची खळ या कामी उपयोगी पडत नाही. खळीतील पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि ते लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगत असल्यामुळे नमुन्याचे मापच बदलते. चामड्यावरही पाण्याचा परिणाम होतो. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले, कोल्हापुरी चपलांसाठी वापरले जाणारे चामडे पाणी चटकन शोषते आणि त्यावर डाग उमटतो. अशा ओल्या चामड्याला लोखंडी हत्याराचा स्पर्श झाला तर वनस्पतीतील टॅनिन व लोह यांच्या संयोगाने काळा डाग पडतो. तो सहजासहजी जात नाही.

रबराचा द्राव आणि सूक्ष्म गोल

यापेक्षा सोयीस्कर म्हणजे नैसर्गिक रबर उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवून केलेला द्राव. त्याचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दोन्ही पृष्ठांना तो लावून वाळू दिला आणि मग पृष्ठे एकमेकांवर दाबली, तर एका थरातील रबराचे लांबलचक रेणू दुसऱ्या थरात शिरून गुंततात व जोड भक्कम होतो. मात्र केवळ कागदाला पातळ थर देऊन तो ओला असतानाच चामड्यावर ठेवला, तर जोड कच्चा राहतो. कागद सोलून निघतो आणि उरलेले रबर बोटाने चोळले असता वळ्या होऊन सुटते. गुळगुळीत पृष्ठावर हे साधते. केसाळ, मखमली पृष्ठावर मात्र रबर तंतूंत शिरून बसते.

दुसरा मार्ग अमेरिकेतील थ्री एम कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडला. १९६८ साली स्पेन्सर सिल्व्हर यांना अ‍ॅक्रिलिक बहुवारिकाचे असे सूक्ष्म गोल मिळाले की जे पृष्ठाला केवळ ठिकठिकाणी स्पर्श करीत. स्पर्श थोडा, म्हणून पकडही थोडी. १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्थर फ्राय यांना या दुर्बळ वाटणाऱ्या डिंकाचा उपयोग सुचला, आणि १९८० पासून चिकटून पुन्हा सुटणाऱ्या चिठ्ठ्या अमेरिकेत सर्वत्र विकल्या जाऊ लागल्या. अशा डिंकाचे कागद व फवारे यांचा उपयोग नमुने बसविण्यासाठीही होतो.

कागद काढण्यातही शास्त्र आहे. मऊ डिंक झटक्याला ताठरपणे विरोध करतो. सावकाश ओढले असता तो वाहतो व सोडतो. म्हणून कागद सरळ वर उपटू नये. त्याची कड मागे दुमडून पृष्ठालगत हळूहळू ओढावी, म्हणजे चामड्यावरील रंगाचा थर उचलला जात नाही.

डिंकाचा वास आणि कामगाराचे आरोग्य

रबराचा द्राव वापरताना उडून जाणारा द्रव श्वासावाटे शरीरात जातो. जपानमध्ये घरोघरी चपला जोडणाऱ्या कामगारांत १९५०च्या दशकात बेंझीनयुक्त डिंकामुळे रक्ताचे गंभीर विकार आढळले. पुढे बेंझीनऐवजी हेक्झेन आले, तेव्हा १९६०च्या दशकात अनेकांच्या हातापायांतील मज्जातंतू दुर्बळ झाले. तुर्कस्तानात डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांनी १९७०च्या दशकात जोडे बनविणाऱ्या कामगारांतील रक्ताच्या कर्करोगाचा बेंझीनशी असलेला संबंध उघड केला. लहानशा कोंदट खोलीत काम करणाऱ्याने खिडकी उघडी ठेवणे, डब्याचे झाकण लावणे आणि जवळ ज्योत न ठेवणे, हे नमुना नीट बसविण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मोठ्या कारखान्यांत आज हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला जातो. तेथे सच्छिद्र टेबलाखालून हवा शोषून चामडे जागच्या जागी धरतात, नमुन्याची आकृती प्रकाशाने त्यावर पाडतात आणि यंत्राचे पाते ती कापते. डिंकाची गरजच उरत नाही. परंतु एकेक वस्तू हाताने घडविणाऱ्या कारागिराला कागदी नमुनाच परवडतो.

शाळेतही याची परीक्षा घेता येईल. टाकाऊ चामड्याच्या तुकड्यावर खळीने एक कागदी पट्टी आणि शेजारी सुटणाऱ्या चिठ्ठीची एक पट्टी चिकटवावी. तासाभराने दोन्ही सावकाश सोलून डाग, ओल व पट्टीचे माप पाहावे. कारागीरही हेच करतो. नवे चामडे हाती आले की प्रथम कडेच्या तुकड्यावर डिंक लावून पाहतो, आणि तो स्वच्छ सुटल्यावरच रापी हातात घेतो.