मातीचे घर

मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या घरात बसवत नाही. पण शेजारच्या जुन्या धाब्याच्या घरात गेले, की गार वाटते. तेथे पंखा नसला तरी चालते. असे का होते?

पत्रा पातळ असतो. तो लवकर तापतो आणि उष्णता लगेच खाली सोडतो. जुन्या घराची दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. बाहेरचे ऊन तिच्या आतल्या अंगापर्यंत पोहोचायला कित्येक तास लागतात. तोपर्यंत सूर्य मावळतो आणि बाहेरची हवाही गार होऊ लागते. छप्परही असेच असते. लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. याला माळवद म्हणतात.

या घराचे सामान गावातच मिळते. वीट भाजायला भट्टी पेटवावी लागते. सिमेंटसाठी तर चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. केवढे इंधन जळत असेल! मातीच्या भिंतीला उन्हाशिवाय काही लागत नाही. भिंत पडली, तर तीच माती भिजवून पुन्हा वापरता येते.

मग सगळ्यांनी अशीच घरे बांधावीत का? त्याआधी किल्लारीची आठवण ठेवली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. लोक झोपेत होते. हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली दगावली. त्यानंतर अनेकांनी अशा घराची धास्तीच घेतली. ती धास्ती खोटी नाही. पण घरे का पडली, हेही पाहायला हवे.

त्या जाड भिंती दोन पदरी होत्या. बाहेर एक पदर, आत एक पदर आणि मध्ये बारीक दगड व मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हते. हादरा बसताच पदर सुटे झाले. शिवाय छप्पर गळू नये म्हणून लोक त्यावर वरचेवर माती घालत आले होते. वर्षानुवर्षे ओझे वाढत गेले आणि तेच अंगावर कोसळले.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. भिंतीत थोड्या थोड्या अंतरावर आरपार जाणारे दगड बसवावेत. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा एक अखंड पट्टा घालावा. छपरावरची माती कमी करावी.

आता मातीच्या विटाही न भाजता करतात. मातीत शेकडा पाच ते आठ भाग सिमेंट मिसळतात, मिश्रण यंत्रात दाबतात आणि तयार वीट काही आठवडे ओली ठेवून मुरवतात. तमिळनाडूतल्या ऑरोव्हिल वसाहतीत अशा विटांच्या अनेक इमारती उभ्या आहेत. पावसापासून मात्र मातीला जपावे लागते. म्हणून जोते दगडाचे आणि उंच ठेवतात, आणि पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर पडावे यासाठी छप्पर चांगले पुढे काढतात.