चाळिशीत गिटार शिकायचीय? वयाला दोष देण्याआधी तीन एटीएम कार्डं हातात घ्या

नवीन वर्षाचा संकल्प, वाढदिवसाला स्वतःलाच दिलेलं गिफ्ट किंवा ऑनलाइन सेलमधली ऑफर. कारण काहीही असो, घरात गिटार येते. पहिले आठ दिवस जोरात जातात. मग बोटं दुखायला लागतात, कॉर्ड धरली की सुराऐवजी खटखट ऐकू येते आणि दोन-तीन महिन्यांत गिटार कपाटावर चढते. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लहानपणीच शिकायला हवं होतं. आता या वयात कुठे जमणार?"

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. फेंडर या गिटार बनवणाऱ्या बड्या अमेरिकन कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं होतं, की पहिल्यांदा गिटार घेणाऱ्यांपैकी जवळपास ९० टक्के लोक वर्षभराच्या आत ती सोडून देतात.

इतक्या सगळ्यांकडे कला नसते असं म्हणायचं का? तर नाही. सुरुवातीच्या अडचणी बऱ्याचदा गिटारमध्ये आणि सरावाच्या पद्धतीत असतात. त्या दुरुस्त करता येतात. पण आपण त्या तपासतच नाही आणि थेट स्वतःवर शिक्का मारून मोकळे होतो.

वय खरंच आड येतं का?

थोडंसं येतं, हे खरं आहे. १९९५ साली थॉमस एल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा अभ्यास केला. डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूत असलेला भाग या वादकांमध्ये जास्त विस्तारलेला दिसला. ज्यांनी लहान वयात सुरुवात केली होती, त्यांच्यात हा फरक आणखी मोठा होता.

पण २००४ सालचा दुसरा एक अभ्यासही बघा. त्यात मोठ्या माणसांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कसरत शिकवली गेली. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूत मोजता येईल असा बदल दिसला. सराव थांबवल्यावर तो बदल कमीही झाला. म्हणजे मोठेपणी मेंदू शिकणं बंद करत नाही, फक्त त्याला नियमित काम द्यावं लागतं.

शिवाय मोठ्या माणसाकडे एक भांडवल असतं. तुम्ही वीस-तीस वर्षं गाणी ऐकलेली असतात. कोणत्या ओळीनंतर चाल वर जाते, ठेका कुठे बदलतो, हे कानाला पाठ असतं. शिकायचं असतं ते हाताला.

पहिली तपासणी : तारा किती उंच आहेत?

गिटारच्या मानेवर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. फ्रेट आणि तार यांच्यातल्या अंतराला 'ॲक्शन' म्हणतात. हे अंतर जितकं जास्त, तितकी तार दाबायला ताकद जास्त लागते. स्वस्तातल्या बऱ्याच नव्या गिटार दुकानातून किंवा खोक्यातून येतात तेव्हा त्यांच्या तारा गरजेपेक्षा उंच असतात.

हे घरी तपासता येतं. एटीएम कार्डची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. उठावदार अक्षरं नसलेली तीन कार्डं एकावर एक ठेवली की साधारण २.३ मिलिमीटर होतात. डोक्याच्या बाजूने मोजत बाराव्या फ्रेटवर या. सगळ्यात जाड तारेच्या खाली ही तीन कार्डं तारेला न उचलता जेमतेम बसत असतील, तर गिटार ठीक आहे. पाच कार्डं आरामात जात असतील, तर बोटं दुखण्याचं मोठं कारण तुम्हाला सापडलं.

मग करायचं काय? वाद्यांच्या दुकानात किंवा दुरुस्ती करणाऱ्याकडे गिटार न्या आणि "सेटअप करून ॲक्शन खाली करून द्या" असं सांगा. नवी गिटार घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. सोबत तारांचा सेटही बदलून घ्या. स्टीलच्या तारांमध्ये ०.०१० इंचाचा सेट ०.०१२ पेक्षा हाताला हलका लागतो.

एक खबरदारी मात्र घ्या. हे माप स्टीलच्या तारांच्या गिटारचं आहे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारमध्ये तारा मुळातच थोड्या उंच असतात. त्या गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास जाऊ शकतो. क्लासिकल गिटार तेवढ्यासाठी बनवलेली नसते. तिचा ब्रिज उखडू शकतो.

सेटअप होईपर्यंत एक युक्ती

सहाही तारा दोन फ्रेटइतक्या, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली उतरवा. तारेवरचा ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. मग दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा. कॅपो म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. आता गिटार नेहमीच्याच सुरात वाजेल, पण तारा मऊ लागतील. शिवाय पुढचे फ्रेट जवळजवळ असल्यामुळे बोटं कमी ताणावी लागतील.

आणखी एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. बोट दोन फ्रेटच्या मध्यावर ठेवू नका, पुढच्या फ्रेटच्या अगदी मागे टेकवा. तिथे निम्म्या जोरातही स्वच्छ सूर निघतो.

सुरात नसलेली गिटार तुम्हाला बेसूर ठरवते

नवशिक्याला वाटतं, आपली कॉर्ड चुकली. पुष्कळदा कॉर्ड बरोबर असते, गिटारच उतरलेली असते. नव्या तारा पहिले काही दिवस ताणल्या जाऊन सारख्या उतरतात. म्हणून प्रत्येक वेळी वाजवण्याआधी मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने सूर लावा. गिटारट्यूना किंवा फेंडर ट्यूनसारख्या ॲपमधला साधा ट्यूनर मोफत मिळतो.

जाड तारेकडून बारीक तारेकडे सूर असे येतात : ई, ए, डी, जी, बी, ई. तुम्ही हार्मोनियम शिकला असाल तर आणखी सोपं आहे. पांढरी एक हा सा धरला, तर याच तारा ग, ध, रे, प, नी, ग अशा होतात. पहिला आणि शेवटचा ग दोन सप्तकांच्या अंतराने असतो.

रविवारी तीन तास की रोज वीस मिनिटं?

नोकरी आणि घर सांभाळून शिकणारा माणूस म्हणतो, आठवडाभर वेळ नाही, रविवारी भरपूर बसू. इथेच गाडी अडते.

ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना टाइपिंग शिकवताना ॲलन बॅडली आणि डी. जे. ए. लाँगमन यांनी एक प्रयोग केला होता. तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. शिकणारे सगळे मोठे, आणि काम बोटांचंच. काहींना रोज एक तास शिकवलं, काहींना रोज चार तासांपर्यंत. रोज एकच तास बसणाऱ्यांना तेच कौशल्य एकूण कमी तासांत आलं. चार तासवाल्यांचे तास जास्त खर्ची पडले.

यातली गंमत पुढे आहे. सगळ्यात नाराज गट रोज एक तासवाल्यांचाच होता. दिवस जास्त लागत असल्यामुळे आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं. रोज थोडं थोडं वाजवताना तुम्हालाही असंच वाटेल. तेव्हा हा प्रयोग आठवा.

वीस मिनिटांची वाटणी अशी करता येईल :

- २ मिनिटं : सूर लावणं.
- ५ मिनिटं : कॉर्ड बदलण्याचा सराव.
- ८ मिनिटं : एकच गाणं, अगदी सावकाश.
- ५ मिनिटं : मनाला येईल ते वाजवणं.

कॉर्ड बदलण्यासाठी जस्टिन सँडरको यांचा 'एक मिनिट' सराव उत्तम आहे. २००३ पासून ते इंटरनेटवर मोफत गिटार शिकवतात. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा, दोनच कॉर्ड्स घ्यायच्या आणि एका मिनिटात कितीदा बदलता आलं ते मोजायचं. आकडा वहीत लिहा. पहिल्या दिवशी आठ असेल, पुढच्या आठवड्यात पंधरा. साठपर्यंत गेलात की गाण्यात हात अडत नाही. आपली प्रगती होतेय की नाही, हा वाद मग मनाशी घालावा लागत नाही. वही उत्तर देते.

कोणत्या कॉर्ड्सने सुरुवात करायची?

ई मायनर सगळ्यात सोपी, दोनच बोटं लागतात. त्यानंतर जी, सी आणि डी. या चारांवर असंख्य गाणी बसतात. 'हॅपी बर्थडे' तर फक्त जी, सी आणि डी या तीन कॉर्ड्सवर होतं. घरातल्या कुणाचा वाढदिवस दोन महिन्यांवर असेल, तर तीच तारीख ठरवून टाका.

एफ कॉर्डपाशी मात्र भलेभले थांबतात. तिच्यात पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात, आणि तेही पहिल्या फ्रेटवर, जिथे तारा सर्वात ताठ लागतात. ती सुरुवातीला जमली नाही तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तोवर तीन बोटांची एफ मेजर सेव्हन धरा, बऱ्याच गाण्यांत ती चालून जाते. पूर्ण एफचा आकार आधी पाचव्या फ्रेटवर धरून बघा. तिथे तो सोपा जातो. मग रोज एकेक फ्रेट खाली या.

ठेका आपल्या ओळखीचाच आहे

उजव्या हाताचे खाली-वर पॅटर्न व्हिडिओत बाणांनी दाखवतात आणि डोकं गरगरतं. त्याऐवजी तोंडाने ठेका म्हणा. चार-चार मात्रांच्या गाण्याला आपला केरवा लागू पडतो, तीन-तीनच्या गाण्याला दादरा. 'हॅपी बर्थडे' तीनच्याच चालीत आहे. पहिले काही दिवस प्रत्येक मात्रेला फक्त खाली एक फटकारा. हात थांबू देऊ नका. कॉर्ड चुकली तरी चालेल, ठेका सुटता कामा नये. ऐकणाऱ्याला चुकलेल्या कॉर्डपेक्षा थांबलेला हात आधी कळतो.

गाणं आपल्या पट्टीत आणा

व्हिडिओबरोबर वाजवताना गाणं गळ्याला फार वर किंवा फार खाली जातं. अनेक जण इथे "आपला आवाजच नाही" म्हणून गाणं सोडतात. कॅपो याचसाठी असतो. सी कॉर्डच्या कुटुंबातले आकार वाजवत पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, की काळी एक मिळते. जीचे आकार आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो म्हणजे काळी चार, तिसऱ्यावर लावला तर काळी पाच. बोटांचे आकार तेच, फक्त पट्टी तुमची.

कोणतं दुखणं चालेल, कोणतं नाही?

बोटांची टोकं दुखणं साहजिक आहे. नियमित वाजवलं तर काही आठवड्यांत तिथे घट्टे पडतात आणि त्रास कमी होतो. पण मनगट दुखणं, हाताला मुंग्या येणं किंवा बधिरपणा हे घट्ट्यांचं लक्षण नाही. अशा वेळी थांबा. बसण्याची पद्धत आणि मनगटाचा बाक बघा. त्रास टिकला तर डॉक्टरांना दाखवा.

घरी शिकताना स्वतःची चूक दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. तो कुठे टाकायचा नाही, फक्त स्वतः बघायचा. जमल्यास महिन्यातून एकदा एखाद्या शिक्षकाकडे जाऊन हात दाखवून या.

पावसाळ्यात गिटार सांभाळा

लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हवा त्याहून खूप दमट असते. लाकूड फुगतं, तारा उंच होतात, गंजतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून गिटार बॅगेत ठेवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलटं होतं. लाकूड आक्रसतं आणि फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात. बंद गाडीत किंवा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत गिटार ठेवू नका. त्यामुळे जून आणि एप्रिलमध्ये कार्डांची तपासणी पुन्हा एकदा करा.

मग किती दिवसांत वाजवता येईल?

रोज वीस मिनिटं दिली, तर महिन्याभरात तीन-चार कॉर्ड्स ओळखीच्या व्हायला हव्यात. दोन-तीन महिन्यांत एखादं सोपं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, थोडं अडखळत का होईना, वाजवता येतं. हा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो.

कुणी चाळिशीत पोहायला शिकतं, कुणी पन्नाशीत गाडी. त्यांना आपण ऑलिंपिकला किंवा शर्यतीला कधी जाणार असं विचारत नाही. गिटारलाही तोच न्याय लावा. आणि तुमची गिटार आत्ता कपाटावर असेल, तर आज फक्त एवढंच करा : ती खाली काढा, धूळ पुसा आणि बाराव्या फ्रेटखाली तीन कार्डं सरकवून बघा.