उन्हाची वीज : व्होल्टेज जुळलं, बॅटरी जुळली का?

लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण चार्ज कंट्रोलर समजून घेतला. आज त्याच्या पुढची पायरी, म्हणजे जुन्या बॅटरीला नवी बॅटरी जोडणं.

विजेची लाइन न पोचलेल्या शेतघरावर सौर यंत्रणा बसते, मग फ्रिज येतो आणि बॅटरी पुरेनाशी होते. बाजारात इलेक्ट्रिक स्कूटरची काढलेली बॅटरी स्वस्तात मिळते. घरातलीही ‘४८ व्होल्ट लिथियम’, हीसुद्धा ‘४८ व्होल्ट लिथियम’. साहजिकच तारेला तार जोडण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा.

लिथियम बॅटऱ्यांच्या जाती वेगवेगळ्या असतात. घरच्या सौर यंत्रणेत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी असते. हे रसायन १९९७ साली टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ, अक्षय पाधी आणि नंजुंडस्वामी यांच्या शोधनिबंधातून पुढे आलं. तिचा एक सेल ३.६५ व्होल्टला पूर्ण भरतो. स्कूटरमध्ये पुष्कळदा निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची एनएमसी बॅटरी असते. तिचा सेल ४.२ व्होल्टला भरतो.

आता हिशेब करू. एलएफपीचे १६ सेल ओळीने जोडले तर पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्ट, एनएमसीचे १४ सेल जोडले तर ५८.८. आकडे जवळजवळ सारखे, म्हणून जोडी जमली असं वाटतं. पण ‘४८ व्होल्ट’ लिहिलेल्या काही एनएमसी बॅटऱ्यांत १३च सेल असतात. त्या ५४.६ व्होल्टलाच भरतात. त्यांना ५८.४ व्होल्ट दिले तर प्रत्येक सेलवर जवळजवळ ४.५ व्होल्ट येतात. अशा वेळी आगीपासून वाचवायला बॅटरीतलं संरक्षण सर्किट, म्हणजे बीएमएस, एवढंच उरतं. एनएमसी फार तापली की तिच्यातून ऑक्सिजन सुटतो, त्यामुळे आग झपाट्याने भडकते.

१४ सेलची बॅटरी असली तरी प्रश्न उरतोच. मोठ्या पोटाचा रांजण आणि सरळ पिंप तळाशी नळीने जोडले, तर दोन्हीकडे पाण्याची पातळी एक राहते, पाणी मात्र सारखं नसतं. एलएफपी म्हणजे रांजण : तिची बहुतेक वीज साधारण ५१ ते ५३.५ व्होल्टच्या अरुंद पट्ट्यात साठलेली असते. एनएमसीचं व्होल्टेज वीज संपेल तसं सतत उतरत जातं. त्यामुळे भरलेली जोडी संध्याकाळी वापरायला घेतली की सुरुवातीचा बराचसा भार एकट्या एनएमसीवर पडतो. स्कूटरची बॅटरी लहान असेल, तर तिच्या ताकदीबाहेरचा प्रवाह ती ओढून देत राहते.

जोडण्याचा क्षण तर सर्वांत धोक्याचा. एक बॅटरी ५८ व्होल्टवर, दुसरी ५३ वर, आणि तारांसकट वाटेतला एकूण रोध ०.०५ ओहम असेल, तर ५ भागिले ०.०५, म्हणजे १०० अँपिअरचा प्रवाह क्षणात एकीतून दुसरीत धावतो.

मग करायचं काय? रसायन वेगळं असेल तर संसारही वेगळा ठेवा : स्कूटरच्या बॅटरीला स्वतंत्र पॅनल, स्वतंत्र कंट्रोलर आणि स्वतंत्र भार. एकीवर फ्रिज, दुसरीवर दिवे. दोन्ही एलएफपी असतील आणि सेलची संख्या सारखी असेल, तर समांतर जोडता येतात. आधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, मीटरने व्होल्टेज जुळवा, तारा समान लांबीच्या घ्या आणि प्रत्येक बॅटरीला स्वतःचा डीसी फ्युज द्या. जुनी आणि नवी बॅटरी सिरीजमध्ये मात्र जोडू नका. जिची ताकद कमी, ती आधी भरते आणि आधी रिकामी होते. तिच्या बीएमएसने वाट तोडली की सगळी ओळ बंद पडते.

कंट्रोलर पूर्वी लेड-ॲसिड बॅटरीवर चालत असेल, तर त्यातलं इक्वलायझेशन आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याची सोय बंद करा. लिथियमला दोन्ही नकोत.

स्वस्त बॅटरीत वाचलेले पैसे घराच्या सुरक्षिततेपेक्षा मोठे नाहीत. लेबलवरचा आकडा वाचून थांबू नका. रसायन कोणतं, सेल किती आणि भरण्याची मर्यादा काय, हे तीन प्रश्न विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळालं नाही, तर ती बॅटरी घेऊ नका.

पुढच्या आठवड्यात : तारेची जाडी आणि फ्युज कसा निवडायचा.